प्रायोजित संशोधन, परवाना की स्वतःची कंपनी: विद्यापीठातले तंत्रज्ञान उद्योगाकडे नेण्याच्या वाटांचा तुलनात्मक आढावा

प्रयोगशाळेत एखादे नवे तंत्र नीट चालू लागले, त्याचे निकाल दोन-तीनदा पडताळून झाले, की संशोधन गटापुढे एक प्रश्न उभा राहतो: हे आता पुढे कोणी न्यायचे? शोधनिबंध कसा लिहावा हे आपल्याला शिकवलेले असते, पण या प्रश्नाची तयारी सहसा कोणी करून घेतलेली नसते. ढोबळमानाने तीन वाटा असतात. कंपनीने खर्च उचलायचा आणि पुढचे संशोधन विद्यापीठातच, बहुधा दोघांनी मिळून करायचे, ही पहिली. पेटंट घेऊन ते वापरण्याचा परवाना एखाद्या चालू कंपनीला द्यायचा, ही दुसरी. गटातल्याच काही जणांनी नवी कंपनी काढायची, ही तिसरी. निवड करताना पैसा कुठे अधिक मिळेल हे आधी पाहिले जाते, आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. आधी पाहायचे ते हे, की उरलेले काम पुरे करायला लागणारे ज्ञान कागदावर उतरले आहे, की ते अजून माणसांच्या हातात आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका गटाने धातूवर गंजरोधक थर देण्याची पद्धत शोधली आहे. पेटंटच्या अर्जात द्रावणाचे प्रमाण, भट्टीचे तापमान, वेळ असे सारे काही नोंदलेले आहे. तरीही दुसऱ्या ठिकाणी तोच प्रयोग केला तर थर पापुद्र्यासारखा सोलून निघतो. कारण मूळ प्रयोगशाळेतली संशोधक विद्यार्थिनी द्रावण किंचित दुधाळ झाले की ढवळणे थांबवते आणि नमुना पुरता वाळायच्या आत भट्टीत ठेवते. हे तिने कुठे लिहिलेले नाही, कारण ते लिहिण्याजोगे आहे असे तिला कधी वाटलेच नाही. अशा तंत्राचा परवाना दिला तर कंपनीला अधिकार मिळतो, हातोटी मिळत नाही. वर्षभरात ‘हे चालत नाही’ असा निरोप येतो आणि दोन्हीकडे कटुता राहते.

याच्या अगदी उलट टोकाला स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचे जनुक जोडण्याचे तंत्र आहे. जीवशास्त्राच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेला शोधनिबंध वाचून ते करता येत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने म्हणूनच ते एका कंपनीला न देता, मागेल त्याला माफक वार्षिक शुल्कावर, म्हणजे सुरुवातीला १०,००० डॉलरवर, बिगर-अनन्य परवाना देण्याचे ठरवले. १९८० साली पेटंट मिळाले, १९९७ साली संपले, आणि तोवर ४६८ कंपन्यांनी परवाने घेऊन सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर विद्यापीठांना मिळवून दिले. वाट आणि तंत्राचा स्वभाव इतके जुळलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मात्र त्यातही एक गोष्ट निसटली. निबंध १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये छापून आला आणि अर्ज १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, निबंध छापल्यावरही अर्ज करता येण्याची अमेरिकेतली एक वर्षाची सवलत संपायला जेमतेम आठवडा असताना दाखल झाला. जिथे अशी सवलत नव्हती, त्या देशांतले हक्क निबंध छापला त्याच दिवशी हातचे गेले होते. युरोपात आजही बहुतांशी हाच नियम आहे: आधी जाहीर केले की पेटंट नाही. त्यामुळे कोणतीही वाट धरा, परिषदेतल्या भाषणाआधी अर्ज दाखल व्हायला हवा.

हक्कच नसेल तर निवडीला जागा उरत नाही. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र, म्हणजे बॅटरीचे धन टोक, शोधला, तेव्हा विद्यापीठाने पेटंट घेण्यात रस दाखवला नाही. शेवटी हार्वेल येथील सरकारी अणुऊर्जा संशोधन संस्थेने पेटंट घेतले, आणि त्यासाठी संशोधकांना आपले हक्क सोडून द्यावे लागले. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. गुडइनफ यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्या पेटंटच्या उत्पन्नातला वाटा कधी मिळाला नाही.

परवाना अनन्य, म्हणजे एकाच कंपनीपुरता, असावा की खुला, हे कंपनीला पुढे किती खर्च करावा लागणार आहे यावरून ठरते. औषधासारख्या वस्तूसाठी वर्षानुवर्षे चाचण्या कराव्या लागतात, आणि प्रतिस्पर्ध्याला तोच परवाना मिळणार असेल तर एवढा पैसा कोणी ओतणार नाही. तिथे अनन्य परवाना देणे योग्यच आहे. धोका असा, की परवाना घेतलेली कंपनी तंत्र फडताळात ठेवून देते. कधी तिचे धोरण बदलते, कधी तिच्याच जुन्या उत्पादनाला नव्याची अडचण होणार असते. म्हणून टप्पे आणि तारखा करारातच लिहून घ्याव्यात, आणि टप्पा चुकला तर परवाना परत घेण्याचा किंवा खुला करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे ठेवावा. परवाना वापराच्या क्षेत्रापुरता मर्यादित ठेवणे हेही तितकेच मोलाचे आहे. गंजरोधक थराचा परवाना जहाजबांधणीपुरता दिला, तर वैद्यकीय उपकरणांचे दार दुसऱ्या कोणासाठी उघडे राहते.

ज्ञान अजून हातात असेल, शास्त्रीय प्रश्न अर्धवट असतील आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे होईल हे कोणालाच ठाऊक नसेल, तर प्रायोजित किंवा संयुक्त संशोधन ही वाट मला सर्वांत सुरक्षित वाटते. ज्यांना तंत्र येते ती माणसे जागेवर राहतात. कंपनीचे अभियंते प्रयोगशाळेत येऊन दुधाळ द्रावण स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, आणि वाटीभर द्रावणात जमते ते टाकीभर द्रावणात का जमत नाही हे संशोधकांना त्यांच्याकडून कळते. माझ्या दृष्टीने या देवाणघेवाणीची किंमत निधीपेक्षा जास्त आहे.

या वाटेचा खर्च मात्र करारातल्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. निबंध छापण्याआधी कंपनीला मसुदा दाखवण्याची अट असते. ३० ते ६० दिवसांची मुदत आणि पेटंट अर्जासाठी गरज पडल्यास तेवढाच आणखी काळ, इथवर ती रास्त आहे. ‘कंपनीच्या संमतीशिवाय प्रकाशन नाही’ असे वाक्य आले तर ते कलम खोडल्याशिवाय सही करू नये, कारण त्याचा पहिला फटका प्रबंध सादर करायला निघालेल्या विद्यार्थ्याला बसतो. बैठकीत त्याची बाजू मांडायला कोणी नसते; ती मार्गदर्शकाने मांडली पाहिजे. दुसरी बाब आधीच्या बौद्धिक संपदेची. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी गटाकडे काय होते याची तारीखवार यादी कराराला जोडली नाही, तर दहा वर्षांचे जुने कामही ‘प्रकल्पातून निघालेले’ ठरवले जाऊ शकते. तिसरी बाब पहिल्या वाटाघाटीच्या हक्काची, म्हणजे निघालेल्या शोधाच्या परवान्याबद्दल इतरांआधी बोलणी करण्याच्या हक्काची. असा हक्क कंपनीने मागणे गैर नाही, फक्त त्याला तीन किंवा सहा महिन्यांची कालमर्यादा हवी.

शब्दांची किंमत किती असते, हे स्टॅनफर्ड आणि रोश ही औषध कंपनी यांच्यातल्या खटल्यातून दिसले. एका संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात शोधाचे हक्क ‘देण्याचे मान्य करतो’ असे शब्द होते. पुढे तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याचे तंत्र, शिकण्यासाठी एका कंपनीत (तिचा हा व्यवसाय नंतर रोशने घेतला) जाऊ लागला, तेव्हा तिथे सही केलेल्या कागदावर ‘याद्वारे देत आहे’ असे शब्द होते. पहिले वचन ठरले, दुसरे प्रत्यक्ष हस्तांतरण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले, की सरकारी निधीतल्या शोधांचे हक्क राखण्याची मुभा विद्यापीठांना देणारा १९८० चा बे-डोल कायदासुद्धा शोध आपोआप विद्यापीठाच्या मालकीचा करत नाही. पाहुणा म्हणून कंपनीत जाताना पुढ्यात येणारा एक पानी अर्जही वाचूनच सही करण्याजोगा असतो. मालकीचा मूळ नियमही देशागणिक बदलतो: स्वीडनमध्ये शोध प्राध्यापकाचा असतो, जर्मनीने ती पद्धत २००२ साली बंद केली.

करार कोणाशी होतो आहे हेही पाहावे. १९९८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वनस्पती व सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने नोव्हार्टिसच्या संशोधन संस्थेशी पाच वर्षांचा, २ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. विभागातल्या सुमारे एकतृतीयांश शोधांवर कंपनीला पहिल्या वाटाघाटीचा हक्क होता आणि निधीवाटपाच्या समितीत पाचपैकी दोन जागा होत्या. वाद पेटला तो मुख्यतः एका गटाऐवजी जवळजवळ सगळा विभाग एकाच कंपनीशी बांधला गेला म्हणून. मुदत संपल्यावर कराराचे नूतनीकरण झाले नाही. एका गटाने, एका नेमक्या प्रश्नावर केलेला लहान करार मला नेहमीच अधिक टिकाऊ वाटतो.

स्वतःची कंपनी काढण्याच्या वाटेचे आकर्षण मी समजू शकतो. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेले पेजरँक, म्हणजे वेबपानांची क्रमवारी लावण्याचे तंत्र, चालू शोधयंत्र कंपन्यांना विकण्याचा प्रयत्न झाला, तो फसला, १९९८ साली गूगल स्थापन झाली, आणि परवान्याच्या बदल्यात मिळालेले समभाग विकून स्टॅनफर्डला २००५ पर्यंत सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. ही गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून स्वतःचा हिशेब मांडणे घातक आहे. त्यातून घेण्याजोगा मुद्दा एवढाच, की चालू कंपन्यांना तंत्राची किंमत कळत नसेल आणि ते चालवणारी माणसे पूर्ण वेळ द्यायला तयार असतील, तर नवी कंपनी हा एकमेव मार्ग असू शकतो. ‘पूर्ण वेळ’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. अध्यापन सांभाळून संध्याकाळी कंपनी चालवणारा प्राध्यापक दोन्हीकडे अपुरा पडतो. त्याने सल्लागार राहावे आणि कारभार दुसऱ्याकडे द्यावा. आपल्या कंपनीच्या कामाला आपल्याच विद्यार्थ्याला जुंपणे तर सर्वस्वी टाळावे. विद्यापीठाचा भागभांडवलातला वाटा सुरुवातीलाच लेखी ठरवावा. ब्रिटनमध्ये विद्यापीठांतून निघणाऱ्या कंपन्यांविषयीच्या २०२३ च्या स्वतंत्र आढाव्याने जीवविज्ञानातल्या कंपन्यांसाठी १० ते २५ टक्के आणि सॉफ्टवेअरसारख्या, पेटंटवर कमी अवलंबून असलेल्या क्षेत्रांसाठी १० टक्के किंवा त्याहून कमी वाटा सुचवला होता. बोलणी सुरू करायला हे आकडे उपयोगी पडतात.

वाटा एकमेकींना छेदतातही. ज्या बॉयर यांचे तंत्र शेकडो कंपन्यांना परवान्यावर मिळाले, त्यांनीच १९७६ साली जेनेन्टेक ही कंपनी काढली. जनुक जोडण्याची कृती कागदावर होती, पण जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्याची हातोटी कागदावर नव्हती. ती या कंपनीत १९७८ साली साधली, उत्पादन एलाय लिली या मोठ्या कंपनीकडे सोपवले गेले, आणि १९८२ साली ते औषध रुग्णांसाठी मंजूर झाले. एकाच शोधातल्या लिखित भागाला खुला परवाना, अलिखित भागाला नवी कंपनी, आणि उत्पादनाला जुनी कंपनी.

या तिन्हींखेरीज एक चौथी वाटही आहे: अनेक कंपन्यांनी संघ करून एकाच संशोधनाचा खर्च मिळून उचलायचा. ती मोजमापाच्या पद्धती, मानके किंवा सर्वांनाच लागणारी पायाभूत माहिती यांसाठी चांगली आहे. स्वतःचे एक ठोस उत्पादन डोळ्यांसमोर असेल तर ती संथ पडते.

निर्णयाआधी एक साधी परीक्षा करावी, असे मी सुचवीन. आपली लेखी कार्यपद्धती शेजारच्या प्रयोगशाळेतल्या, या कामाशी संबंध नसलेल्या पण विद्यापीठाच्याच गोपनीयतेने बांधलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावी आणि दोन आठवडे त्याच्याशी त्याविषयी एक शब्दही बोलू नये. त्याला तोच निकाल मिळाला, तर परवान्याची बोलणी खुशाल सुरू करावीत. त्याने चार-पाच प्रश्न विचारून काम पुरे केले, तर ते प्रश्न आणि उत्तरे कार्यपद्धतीत लिहावीत आणि परवान्यासोबत काही महिन्यांच्या सल्लागारीचा करार जोडावा. शेवटी त्याला आपल्याच माणसाला बोलावून बाजूला उभे करावे लागले, तर त्या माणसाला पुढची तीन वर्षे कुठे राहायचे आहे हे आधी त्यालाच विचारावे. विद्यापीठात राहायचे असेल तर संयुक्त संशोधन, आणि बाहेर पडायची तयारी असेल तरच कंपनी.