आहाराचा तयार अभ्यासक्रम घ्यावा, की पीअर वर्करसोबत बसून घडवावा?

मानसिक आरोग्य केंद्रात आहाराचे वर्ग सुरू करायचे म्हटले की दोन वाटा दिसतात. आहारतज्ज्ञाने लिहिलेला तयार अभ्यासक्रम आणून शिकवायचा, किंवा पीअर वर्करना, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या आणि आता इतरांच्या सोबतीचे काम करणाऱ्यांना, पहिल्या दिवसापासून बरोबर घेऊन तो घडवायचा.

तयार अभ्यासक्रम लगेच सुरू होतो आणि त्यातली माहिती सहसा तपासलेली असते. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याला पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या 'स्माइल्स' चाचणीत (२०१७) नैराश्य असलेले ६७ जण होते. बारा आठवड्यांत आहारतज्ज्ञाच्या सात भेटी मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले. ज्यांना फक्त गप्पांची सोबत मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. चाचणी लहान होती, हे खरे. पण त्या भेटी एकेकाशी होत्या, त्याच्या सवयी पाहून दिलेल्या. छापील अभ्यासक्रमात नेमके तेच सुटते.

'भूक लागेल तेवढेच खा' हे वाक्य घ्या. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही मनोविकारावरची औषधे घेणाऱ्याची भूक बहुधा औषधानेच वाढलेली असते. पोट भरल्याची जाणीवच उशिरा येते. काहींचे तोंड कोरडे पडते म्हणून दिवसभर गोड पेये घेतली जातात. सकाळी सुस्ती असते, त्यामुळे 'नाश्ता चुकवू नका' हा सल्ला हवेत जातो. पीअर वर्कर अशा ओळी पहिल्याच वाचनात खोडतो. वर्गाची सुरुवात वजनकाट्याने केली तर पुढच्या वेळी निम्मे लोक येणार नाहीत, हेही बहुधा तोच सांगतो.

मात्र सगळेच बैठकीत ठरवायचे नसते. लिथियम हे मनःस्थितीच्या चढउतारांवरचे औषध घेणाऱ्याने अचानक मीठ तोडले तर रक्तातले लिथियम वाढू शकते. क्लोझापिनवर असताना कॉफीचे प्रमाण एकदम बदलणे धोक्याचे, आणि त्याच औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. इथे शेवटचा शब्द डॉक्टर, फार्मासिस्ट आणि आहारतज्ज्ञाचा. एखाद्या पीअरला जे लागू पडले ते सगळ्यांच्या माथी मारणेही तितकेच चूक.

सिडनीतल्या एका छोट्या अभ्यासात, मनोविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर औषध सुरू झालेल्या तरुणांना आहार-व्यायामासाठी एका चमूची सोबत मिळाली; त्यांचे वजन बारा आठवड्यांत सरासरी १.८ किलो वाढले. नेहमीच्या उपचारांत ७.८ किलो. त्या चमूत परिचारिका, आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ आणि पीअर कोच होते. श्रेय कुणाचे किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पीअरना चमूत घेणे व्यवहारात जमते, एवढे मात्र दिसते.

सह-रचनेला, म्हणजे पीअर वर्करसोबत बसून अभ्यासक्रम घडवायला, काही महिने लागतात आणि पीअर वर्करच्या वेळेचे पैसे मोजावे लागतात. किमान दोघे तरी हवेत: एकटा माणूस टेबलावर दबून जातो, आणि त्याची तब्येत बिघडली तर काम अडते.

सहा आठवडे हातात असतील आणि मानधनाला पैसे नसतील, तर तयार अभ्यासक्रम घ्या, पण त्याला सह-रचना म्हणू नका. झालेल्या मसुद्यावर शेवटी दोन पीअरची सही घेऊन तसे म्हणण्याचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो. तेच लोक महिनोन्‌महिने वर्गाला येणार असतील, तर माझे मत सह-रचनेकडे झुकते. पहिल्या बैठकीला छापलेले काही नेऊ नका. औषध सुरू झाल्यावर तुमच्या ताटात काय बदलले, एवढेच विचारा आणि उत्तरे लिहून घ्या.