मीना की उरुशी?

वेळ मोबाइलवर कळते, घड्याळ घ्यायचे ते तबकडीवरच्या कामासाठी, हे एकदा ठरले की पुढचा प्रश्न येतो: तबकडी मीनाकामाची घ्यावी की उरुशीची, म्हणजे जपानी लाखेची? मी दोन्ही वापरतो आहे, तीन पावसाळे झाले.

मन आधी जडले ते उरुशीवर. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्याची, उरुशी मात्र झाडाचा चीक. तो उन्हात वाळत नाही, दमट हवेतच घट्ट होतो. कारागीर त्यासाठी 70 ते 80 टक्के आर्द्रता राखतात, म्हणजे आपला जुलै! ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपडून काढलेल्या चित्राला माकि-ए म्हणतात. शोपार्ड या स्विस घड्याळ कंपनीच्या एल.यू.सी. एक्सपी उरुशी मालिकेसाठी हे काम टोकियोच्या यामादा हेइआंदो या लाखकामाच्या पेढीने केले. माझे घड्याळ तितके महाग नाही, त्यावर सोन्याचे दोन मासे आहेत. चतुर्थीच्या रात्री समईच्या उजेडात ते काळ्या पाण्यातून वर आल्यासारखे दिसतात. ते पाहून दरवेळी जीव भरतो.

पण दिवसा? काळी, आरशासारखी घोटलेली तबकडी आणि वर काच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मनगट वळवले की दिसते ते स्वतःचे कपाळ आणि मागचे आभाळ. मासे पाहायचे तर दुसऱ्या हाताने सावली धरावी लागते. कोणाला दाखवायला गेलो की "असं नको, जरा तिरकं बघा" हे ठरलेले. मांडवीच्या फेरीबोटीत शेजारच्या काकांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "काळं आहे, बरं दिसतं." ज्यासाठी पैसे मोजले ते त्यांना दिसलेच नाही. गोव्यात आपला अर्धा दिवस उजेडात जातो, त्यामुळे हे रोजचेच झाले आणि मला ते फार लागले.

मीना म्हणजे काचेची पूड, साधारण 800 अंशांच्या भट्टीत थरावर थर भाजलेली. दर खेपेला तडा जायची भीती असते. 1630च्या सुमारास फ्रान्समध्ये झाँ तूतँ सोन्यावर मीन्याने चित्रे रंगवत होता. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप संग्रहालयात सतराव्या शतकातली मीन्याची घड्याळे आहेत, आणि रंग अजून टवटवीत आहेत. माझ्या पांढऱ्या तबकडीवर निळा खंड्या आहे. प्रतिबिंब तिच्यावरही पडते, पण पांढऱ्यात विरून जाते, आणि भर उन्हात खंड्याची निळाई अधिकच खुलते. निदान माझ्या डोळ्यांना तरी तसे वाटते.

उणीव आहेच. जोराचा धक्का बसला तर मीन्याला तडा जाऊ शकतो, आणि तो मागमूस न ठेवता बुजवणे जवळजवळ अशक्य. म्हणून स्कूटरवर मी ते काढून रुमालात गुंडाळतो. तुमचा दिवस बंद खोलीत जात असेल आणि घड्याळ संध्याकाळीच हातावर चढत असेल, तर कदाचित उरुशीच तुम्हाला अधिक सुख देईल.

मी उरुशीचे विकलेले नाही. चतुर्थीच्या पाच रात्री तेच घालतो. बाकी वर्षभर हातावर खंड्या असतो.