सहलीला पैठण की नळदुर्ग?

दोन्हीकडे पाणी आणि इतिहास आहे, पण मोसम वेगळा.

नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या भिंतीतच बांधलेला आहे. जलाशय भरून सांडला की ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे वाहतात, आणि महालाच्या सज्जातून पाण्याचा पडदा समोर दिसतो. पाऊस कमी झाला तर धबधबे कोरडेच, म्हणून आधी चौकशी करून निघा. पायऱ्या शेवाळलेल्या असतात; पकड असलेले बूट घाला.

पैठणला हिवाळ्यात जा. नाथसागर जलाशयावर स्थलांतरित पक्षी पहाटे बघा, मग संत एकनाथांची समाधी. पैठणी घेताना पदर उलटा करून पाहा: हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. नाथषष्ठीच्या यात्रेला मात्र प्रचंड गर्दी असते.

पाऊस चांगला झाला असेल, तर आधी नळदुर्गच.