कानात की कानामागे? मशीन घेण्याआधी

ऐकण्याचं मशीन घ्यायचं हे ठरलंय, दोन्ही कानांना घ्यायचं हेही मनाने मान्य केलंय, आणि आता गाडी अडलीय एकाच प्रश्नावर. कानाच्या आत बसणारं, बाहेरून जवळपास न दिसणारं सीआयसी घ्यावं, की कानामागे बसून बारीक तारेने स्पीकर कानात सोडणारं आरआयसी? ठाण्याच्या नौपाड्यात जा नाहीतर वाशीला, सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेल्या माणसापुढे टेबलावर शेवटी हेच दोन नमुने उरतात. चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, हे माहितीपत्रकात सापडेल. मी त्यात पडत नाही. दोन्ही वापरून पाहिली आणि एक ठेवलं, ते कशामुळे, तेवढं लिहितो.

काही जणांनी मात्र हे वाचण्यात वेळ घालवू नये. एका कानाने अचानक, आज-काल ऐकू येईनासं झालं असेल तर मशीनच्या दुकानात न जाता त्याच दिवशी ईएनटीकडे जा. तिथे स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर ते लवकर सुरू व्हावं लागतं. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर कान बंद करणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचं नाही. रिकीब हे इवलंसं हाड जागच्या जागी घट्ट झालेलं असलं, म्हणजे ओटोस्क्लेरोसिस, तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो, त्याचं आधी बोलून घ्या. आणि ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ सगळीकडे ऐंशी डेसिबलच्या खाली गेली असेल (रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी) तर या दोन्हींपेक्षा मोल्ड म्हणजे कानाच्या साच्याचा तुकडा आणि नळी असलेलं, कानामागचं, जुन्या पद्धतीचं दणकट बीटीई बरं. तिथे दिसण्या-न दिसण्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

माझा ऑडिओग्राम अगदी सर्वसाधारण आहे. त्यात हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबल म्हणजे किती मोठा आवाज केल्यावर ऐकू येतं ते. 1000 हर्ट्झपर्यंत रेघ 25 डेसिबलच्या आसपास सरळ चालते, 2000 ला घसरायला लागते आणि 4000 ला साठपर्यंत जाते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी नोकरी झाली, वर वय आहेच. या दोन्हींचा मार आधी पडतो तो कॉक्लिआच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, तोंडाकडच्या केसपेशींवर, आणि उंच पट्टीचे आवाज तिथेच टिपले जातात. माणसाच्या या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा की जांभळी नाक्यावर भाजीवाला ‘साठ’ म्हणतो आणि मला ‘आठ’ ऐकू येतं. ‘स’ वरच्या पट्टीतला, तो गळतो. ‘आ’ मात्र ठणठणीत पोहोचतो. मग आठ रुपये पुढे केले की तो आधी भाजीकडे बघतो, मग माझ्याकडे.

हे सांगायचं कारण, निवड मशीनच्या दर्जावर कमी आणि या रेघेच्या आकारावर जास्त अवलंबून असते. माझी खालची पट्टी शाबूत आहे. मला फक्त वरच्या पट्टीत मदत हवी. अशा कानात बूच बसवलं की काय होतं, ते मला सीआयसीने दाखवलं.

दोन्ही कानांत बोटं घालून ‘ई’ म्हणून बघा. जो घुमारा ऐकू येईल तोच तो त्रास. आपण बोलतो तेव्हा जबड्याची आणि कवटीची कंपनं कानाच्या नळीचा बाहेरचा, कूर्चेचा भाग हलवतात. नळी उघडी असली की त्यातला खालच्या पट्टीचा आवाज बाहेर निघून जातो. बूच असलं की तो तिथेच कोंडतो आणि पडद्यावर येऊन आदळतो. 500 हर्ट्झच्या खाली ही वाढ 20 डेसिबल किंवा त्याहून जास्तही होऊ शकते. मशीन बंद ठेवलं तरी हे होतंच, कारण हा मशीनचा आवाज नव्हे, आपलाच आहे. म्हणून आवाजाचं सेटिंग कितीही खालीवर केलं तरी तो जात नाही.

सीआयसी घेऊन घरी आलो. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता, पण ते चालवून घेतलं असतं. खरी गंमत नाश्त्याला. पोह्यांवर शेव घातलेली, बायको समोर बसून गॅस सिलिंडरच्या नंबरचं काहीतरी सांगत होती, आणि मला ऐकू येत होती ती शेव. कुर्रर्र, कुर्रर्र, दोन्ही कानांत, डोक्याच्या मध्यभागी. चावणं थांबवलं की बायको ऐकू यायची. पुन्हा चावायला लागलो की ती नुसतेच ओठ हलवत होती. मग घास गालात धरून ‘काय म्हणालीस?’ पापड, काकडी, भाजलेले शेंगदाणे, सगळ्याचा हाच प्रकार. घरात एकत्र बसून बोलण्याची आमची वेळ जेवणाचीच. त्याच वेळी कान निकामी.

दुसरा परिणाम ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आपला आवाज आपल्याला मोठा वाटतो म्हणून माणूस नकळत हळू बोलायला लागतो. ऐकू कमी येणाऱ्याने ओरडून बोलावं अशी जगाची अपेक्षा असते. आमच्याकडे उलटंच, ‘अहो, पुटपुटताय काय?’ ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना स्वतःच्या टाचा डोक्यात धप धप वाजायच्या ते आणखी वेगळं.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. ‘बऱ्याच जणांना सवय होते, काका. पण तुमचा ग्राफ बघता मी उघडा डोमच दिला असता.’ डोम म्हणजे आरआयसीच्या तारेच्या टोकाची, कानात जाणारी मऊ टोपी. माझ्याकडचं सीआयसी रबरी टोपीचं, तयार मापाचं होतं, हेही इथे नोंदवतो. कानाचा साचा घेऊन केलेल्या सीआयसीत हवेसाठी आरपार भोक ठेवता येतं, त्याला व्हेंट म्हणतात, आणि घुमारा त्याने कमी होतो. अडचण अशी की तुकडाच एवढासा, त्यात मोठं व्हेंट मावत नाही, आणि मावलं तर त्यातून आवाज माइककडे परतून शिटी वाजायला लागते. दुसरा उपाय म्हणजे तुकडा खोल, नळीच्या हाडाच्या भागापर्यंत नेणं. तिथे कंपनं कमी, म्हणून घुमाराही कमी. पण हाडावरची कातडी अगदी पातळ असते, माप जरा चुकलं तरी दुखतं. कुणाला ते जमूनही जातं. मला साच्याचे पैसे भरून ते अजमावण्याची हौस उरली नव्हती.

आरआयसीच्या उघड्या डोमला भोकं असतात, हवा खेळती राहते. पहिल्यांदा लावलं तेव्हा मशीन चालू आहे की नाही याचीच शंका आली, कारण माझा आवाज नेहमीसारखा होता. मग मॅडमनी कागद चुरगळला आणि तो करकरला. खालचे आवाज आपल्या रस्त्याने येतात, वरचे मशीन आणून देतं. शेव खाताना बायको ऐकू येते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला, बाकीचं सगळं त्यानंतरचं.

पण सीआयसीची बाजूही खरी आहे. चष्मा, मास्कची दोरी आणि आरआयसी, तिन्हींनी कानामागे एकच जागा मागितली की भांडण होतं. मास्क काढताना मशीन लोंबकळलेलं मी अनुभवलंय. हेल्मेट तर नकोच. स्कूटरवर बसण्याआधी मी मशीन डबीत ठेवतो, म्हणजे रस्त्यावर, जिथे ऐकू यायला हवं, तिथे कान मोकळे. सीआयसीवाल्याला हा ताप नाही. कानाच्या पाळीचा आडोसा मिळतो म्हणून वाऱ्याचा घोंघाटही त्यात कमी. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो. आरआयसीला साधा फोन जरा वर, माइकच्या बाजूला धरावा लागतो. आणखी एक, जे दुकानात कुणी सांगत नाही: उघड्या डोममधून ढोल-ताशाचा दणका सरळ आत येतो. विसर्जनाला तलावपाळीवर मी आता लांबच उभा राहतो.

गर्दीत ऐकू येण्याबाबत आरआयसी सरस असं सांगतात, दोन माइकमुळे समोरच्याचा आवाज उचलला जातो म्हणून. सीआयसीत बहुधा एकच माइक मावतो. हॉटेलात, चार माणसांत मला फरक जाणवला. ट्रान्स-हार्बरच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये मात्र दोघांनीही हात टेकले. तिथे धडधाकट कानाची माणसंही ‘हां हां’ करून वेळ मारून नेतात.

मळाचं बघा. दोन्हींत स्पीकर कानातच असतो, त्यामुळे मळ दोघांनाही छळतो. तोंडाशी एक पांढरी जाळी असते, वॅक्स गार्ड. ती बदलायची काडी दोन टोकांची. एका टोकाने जुनी खेचायची, काडी उलटी करून दुसऱ्याने नवी दाबायची. खिडकीच्या उजेडात, चष्मा लावून, टेबलावर पांढरा रुमाल अंथरून करा. खाली पडलेली जाळी फरशीवर सापडत नाही. फरक पडतो तो जाळीपलीकडे मळ गेला तर. आरआयसीचा स्पीकर तारेसकट काढून नवा लावता येतो, क्लिनिकमध्ये, बसल्या बसल्या. सीआयसीचा स्पीकर कवचाच्या पोटात असतो. तुकडा कंपनीकडे जातो आणि तो परत येईपर्यंत ‘साठ’चं ‘आठ’.

सेलचा मुद्दा वरवर क्षुल्लक, पण आपल्या हवेत नाही. सीआयसीला बहुधा पिवळ्या स्टिकरचा 10 नंबरचा सेल लागतो, सर्रास मिळणाऱ्यांत सगळ्यात लहान. तो हवेवर चालतो: स्टिकर काढायचा, मिनिटभर थांबायचं, मग बसवायचा. स्टिकर निघाला की सेल सुरू, मशीन वापरा किंवा कपाटात ठेवा. आठवडा भरेलच असं नाही. जुलैत, घामट बोटांनी, ते डाळीएवढं दार उघडून सेल सरळ बसवणं माझ्याच्याने होत नव्हतं. माझं आरआयसी चार्जिंगचं आहे, रात्री डबीत टाकलं की झालं. काही वर्षांनी आतली बॅटरी दमेल तेव्हा कंपनीचं तोंड बघावं लागेल, हे कबूल. दमटपणा दोघांचाही शत्रू. पावसाळ्यात सिलिका जेलची डबी लागतेच. आणि डोक्याला खोबरेल लावणाऱ्यांनी आरआयसी घालण्याआधी कानामागची जागा पुसून घ्यावी, नाहीतर तेल माइकच्या भोकांत जातं.

दिसण्याबद्दल थोडंच. सीआयसी दिसत नाही, हीच त्याची विक्री. मी केसांच्या रंगाचं करडं आरआयसी घेतलं. ते सगळ्यात आधी कुणी ओळखलं तर न्हाव्याने, तेही कात्री तारेजवळ आली म्हणून. मुलाखती देणाऱ्या, लग्नाच्या वयातल्या माणसाचं गणित वेगळं असू शकतं, त्याला मी शिकवायला जाणार नाही.

पैशाचं म्हणाल तर एकाच दर्जाच्या दोन मशीनमध्ये मला मोठी तफावत दिसली नाही. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात दिसला तर विचारा. बजेटच नसेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, 1983 पासूनची. तिथे तपासणी होते आणि दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशीही करता येते. आणि एकाच्या पैशात भागवायचं म्हणून एकाच कानाला घेणार असाल तर तीन हात नाक्यावर उभं राहून विचार करा. हॉर्न कुठल्या बाजूने आला, हे ओळखायला दोन्ही कान लागतात.

सीआयसी मग कुणी घ्यावं? आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आतलंच आहे, सीआयसीहून थोडं मोठं, आयटीसी, आणि त्या खुश आहेत. त्यांचा ग्राफ खालच्या पट्टीतही पन्नासच्या आसपास, जवळपास आडवा. ज्याला खालचे आवाजच कमी येतात त्याला आपल्या आवाजाचा घुमारा फारसा टोचत नाही, शिवाय त्यांना खालच्या पट्टीतही जोर हवा, तो उघड्या डोममधून गळून जातो. काकूंना आरआयसीची तार कानात नीट सरकवता यायची नाही; हा एकच तुकडा, बसवला की बसला. दिवसभर चष्मा काढघाल करणारे, सारखा मास्क लावणारे, दुचाकीवर फिरणारे, यांनीही आतल्याचा विचार जरूर करावा, फक्त आधी ऑडिओग्रामच्या डाव्या बाजूचे आकडे बघून. 250 आणि 500 ला रेघ वर असेल, म्हणजे तिशीच्या आत, तर मला वाटतं तुमचाही नाश्ता माझ्यासारखाच होईल.

ट्रायल क्लिनिकच्या शांत खोलीत उरकू नका. तिथे दोन्ही मशीन छान वाजतात. आरआयसी त्याच दिवशी लावून घरी नेता येतं. मापाचं सीआयसी आधी बनवावं लागतं, म्हणून नाही जमलं तर पैसे परत की फक्त बदलून, हे साचा घेण्याआधी पावतीवर लिहून घ्या. घरी नेलंत की टीव्ही राहू दे बाजूला, कुरकुरीत काहीतरी खात घरच्यांशी बोला, जिना उतरा, फोनवर पाच मिनिटं बोला. आणि आरआयसीकडे वळलात तर तारेची लांबी दोन्ही कानांची वेगवेगळी मोजायला सांगा. माझ्या डाव्या कानाला एक नंबर मोठी लागली. आधीची आखूड होती तोवर डोम सारखा बाहेर सरकायचा.