चायनाटाउनमधल्या चिनी वैद्यबाई आणि माझा कफाचा खोकला

मी सिंगापुरात घरी मुलींना गाणं शिकवते, त्यामुळे नुसत्या खोकल्यापेक्षा कफाचा जाच मला जास्त. सकाळी षड्ज लावायला बसावं तर घशात घुरघुर, दर दोन ओळींनी खाकरणं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. क्षय नाही, न्यूमोनिया नाही. नाकात मारायचा फवारा दिला, त्याने थोडा उतार पडला, पण पहाटेचा चिकट कफ काही हटेना. तेव्हा शेजारच्या चिनी आजींनी हा दवाखाना सांगितला.

जुनी इमारत, पुढे औषधांचं दुकान, आत पडद्यामागे वैद्यबाई. इथे चिनी वैद्यकासाठी २००० सालचा कायदा आहे आणि नोंदणीकृत वैद्यांची यादी ऑनलाइन बघता येते. बाईंचं नाव मी आधीच त्यात शोधून ठेवलं होतं. तुम्हीही हे केल्याशिवाय कुणाकडे जाऊ नका.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची विचारपूस. कफ पांढरा की पिवळा? लगेच सुटतो की अडकून बसतो? जेवणानंतर वाढतो का? पोट जड वाटतं का? मग छोट्या उशीवर मनगट ठेवून तीन बोटांनी नाडी बघितली, आधी एका हाताची, मग दुसऱ्या. जिभेवरचा पांढरा, बुळबुळीत थर मला आरशात दाखवला. त्यांच्या शास्त्रात कफ तयार होतो प्लीहेत आणि साठतो फुप्फुसात. ही प्लीहा म्हणजे आपल्या शरीरशास्त्रातली नव्हे, त्यांच्या लेखी ते पचनाचं ठाणं. आपल्याकडचे वैद्य मंदाग्नीबद्दल बोलतात, त्याच्या बरंच जवळचं. म्हणून बर्फाची कॉफी, गार दूध, गोडधोड, तळण सगळं बंद.

औषध दिलं ते अर-चेन-थांग, सोंग राजवटीतल्या ग्रंथातला काढा, त्यात बाईंनी आपली दोन-तीन औषधं वाढवलेली. मूळ काढ्यात बान-शिया नावाचा कंद, वाळवून मुरवलेली संत्र्याची साल, फू-लिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी आणि आपलं ज्येष्ठमध. कच्चा बान-शिया विषारी असतो, म्हणून तो प्रक्रिया केलेलाच वापरतात. दुकानातल्या काकांनी ड्रॉवरमधून एकेक जिन्नस काढून छोट्या काट्यावर तोलला आणि कागदाच्या पुड्या बांधल्या. पुडी अर्धा तास भिजवायची, तीन वाट्या पाणी एक वाटीवर आणायचं. घरभर संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या मातीचा वास. चव मातकट, पण अडुळशाच्या काढ्यापेक्षा खूपच सुसह्य. ज्यांना उकळत बसायला वेळ नाही त्यांच्यासाठी कोमट पाण्यात ढवळायची पावडरही मिळते.

सुपरमार्केटात मिळणारं पी-पा-को, म्हणजे लोकाटच्या पानांचं मधातलं काळं सिरप, मी आधी घेत होते. बाईंनी ते थांबवलं. कोरड्या खोकल्याला ते ठीक, पण जिथे कफच ओला आणि भरपूर तिथे गोड सिरप नको, असं त्यांचं म्हणणं.

गुण आला का? आला, हळूहळू. आधी कफ पातळ झाला, मग कमी झाला, आणि आता सकाळी मी न थांबता आलाप घेते. बर्फ-दूध सोडल्याचा वाटा किती आणि काढ्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. धुराच्या दिवसांत आणि एसीत खोकला अजून डोकं वर काढतो.

तक्रार एकच, पण मोठी: पुड्यांवरची नावं फक्त चिनीत. मी हट्टाने प्रत्येक घटक इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला आणि कागद माझ्या डॉक्टरांना दाखवला. हे हवंच. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. आणि खोकल्यावर पूर्वी सर्रास दिलं जाणारं मा-तोउ-लिंग हे फळ मूत्रपिंड निकामी करतं, त्यातून कर्करोगही होतो. चीनच्या २०२० च्या औषधसंहितेतून ते काढूनच टाकलं. म्हणून नाव न सांगता कुणी पुडी हातात ठेवली, तर घेऊ नका.

थुंकीत रक्त, ताप, वजन उतरणं, दम लागणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. बाकी पांढऱ्या, भरपूर कफाने महिनोन्‌महिने बेजार असाल आणि तपासण्या झाल्या असतील, तर जरूर जा. बाईंना इंग्रजी बेताचंच येतं, पण काउंटरवरची मुलगी नीट समजावून सांगते. रविवारी रांग मोठी असते, मधल्या वारी सकाळी गेलेलं बरं. एक्स-रेचा रिपोर्ट बरोबर ठेवा, बाई आधी तोच मागतात.