रागासाठी योग : टिळकवाडीतली सकाळची बॅच कशी आहे?

बेळगावच्या टिळकवाडीत एका मंगल कार्यालयाच्या माडीवर रागावर ताबा मिळवण्यासाठी हा योगवर्ग भरतो. सकाळी ६ ते ७, आठवड्यातून पाच दिवस, महिना ८०० रुपये. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. काही गोष्टी चुकतायत, पण त्या सुधारता येण्यासारख्या आहेत.

रागीट माणसाला आल्या आल्या डोळे मिटून बसवलं की तो मनात कालचं भांडण पुढे चालू करतो. इथे ते टाळलंय. आधी पंधरा मिनिटं मान, खांदे आणि जबडा. सिंहासन तीनदा, जीभ हनुवटीकडे ओढून तोंडाने 'हाऽ'. मग सहा संथ सूर्यनमस्कार, बालासन आणि भिंतीला पाय टेकून विपरीतकरणी. घाम काढायची घाई नाही, आणि ते योग्यच आहे. १५४ अभ्यास एकत्र तपासलेला एक आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. शरीर तापवणारे उपाय रागावर एकूण चालत नाहीत, पळण्याने तर तो वाढूही शकतो. निववणारे चालतात, असं त्यात दिसलं. राग घामावाटे जातो हा समज जिमवाल्यांनाच लखलाभ.

खरा कस लागतो प्राणायामात. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. इथे पहिल्याच दिवशी ४ अंक घेणं, ८ अंक सोडणं सुरू करतात. नवख्याला ते झेपत नाही. शेवटच्या दोन अंकांना तो पोट आवळतो आणि पुढचा श्वास गपकन ओढतो. छाती भरून येते, चिडचिड उलट वाढते. पहिला आठवडा ४ आणि ६ पुरे. पुढचा श्वास आपसूक, आवाज न करता आला तरच सोडणं वाढवावं.

दुसरी अडचण खास बेळगावची. सर आधी मराठीत 'श्वास सोडा' म्हणतात, मग कन्नडमध्ये 'उसिरु बिडि'. दोन्ही भाषांना मान, छानच. पण दुसरी सूचना येईपर्यंत निम्म्या वर्गाचा श्वास संपलेला असतो आणि ते पुन्हा ओढतात. सुरुवातीला दोन्ही भाषांत एकदा सांगून पुढे नुसती टिचकी वाजवली तरी भागेल.

भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखी गुणगुण करत श्वास सोडणं, मात्र उत्तम घेतात. ओठ मिटलेले, दात सुटे, अंगठा कानाच्या भोकात न खुपसता भोकापुढच्या उंचवट्यावर हलका दाबलेला. सात आवर्तनं. दात घट्ट मिटले की गुणगुण घशातच अडकते, हे ते एकेकाजवळ जाऊन दाखवतात. वर्गात सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच.

शनिवारी मात्र ३०० कपालभाती. रागासाठी आलेल्यांत बीपीची माणसं असणारच, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर बीपीचा रकानाच नाही. बीपी, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर शनिवारी सरळ सुट्टी घ्या. पावसाळ्यात शीतली प्राणायामही नको. झड लागलेली असताना ओल्या गार हवेत तोंडाने श्वास ओढला की दमेकऱ्याला त्रास होतो.

शवासन जेमतेम तीन मिनिटं, कारण सात वाजता खाली डबा-ऑफिसची गडबड. दहा तरी हवीत. घरी करायचं असेल तर सूर्यनमस्कार तीनवर आणा, शवासन कापू नका.

ऐन रागात काय करायचं, हे इथे कुणी सांगत नाही. पातंजल योगसूत्रांत (२.३४) लोभ, क्रोध, मोह यांतून होणाऱ्या हिंसेच्या मृदू, मध्य, अधिमात्र (तीव्र) अशा पायऱ्या आहेत. श्वासाचा उपाय पहिल्या पायरीवर लागू पडतो. कान तापले, आवाज चढला, तेवढ्यात सहा लांब उच्छ्वास. तिसरीवर पोचल्यावर आधी तिथून उठून बाहेर जायचं. सराव रेल्वेचं गेट पडल्यावर करावा. गाडी जाईपर्यंत वीसेक श्वास सहज होतात आणि मागचा हॉर्न वाजवतच असतो. हात उगारण्यापर्यंत जात असेल, तर या वर्गावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

चटई घरून न्या. तिथल्या ओलसर असतात.