कुकर घेताना: झाकण आतून बसणारे असावे की बाहेरून?

माझ्या घरी गेली अकरा वर्षे दोन्ही प्रकारचे कुकर एकाच ओट्यावर वापरात आहेत. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा पाच लिटरचा कुकर आईने घेतलेला आहे, आणि आतून बसणाऱ्या झाकणाचा तेवढ्याच मापाचा कुकर मी नंतर कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून आणला. नवा संसार मांडणारी नात्यातली मुले किंवा जुना कुकर मोडीत घालायला निघालेले शेजारी विचारतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा किती लिटरचा घ्यावा, स्टीलचा की ॲल्युमिनियमचा, एवढ्यावर थांबतो. झाकण कसे बसते याबद्दल फारसे कोणी विचारत नाही, आणि रोजच्या वापरात सुख किंवा त्रास देणारी गोष्ट माझ्या अनुभवाप्रमाणे नेमकी तीच आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांवर पोहोचण्याआधी, साधारण ९८ अंशांवरच उकळते. मोठ्या आचेवर कितीही वेळ ठेवले तरी ते त्याहून तापत नाही. जास्तीची उष्णता फक्त पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कुकरमध्ये ही वाफ कोंडून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब तयार होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिजण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे तासभर घेणारे मटण कुकरात पंधरा-वीस मिनिटांत शिजते. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनला असे भांडे दाखवले, तेव्हा हाडे मऊ करून दाखवणे हा त्याचा मुख्य हेतू होता, आणि भांडे फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडपही त्यानेच योजली. आपल्या शिट्टीचे वजन त्याच कल्पनेवर चालते.

आता हा एक किलोचा दाब झाकणावर काय करतो ते पाहावे. अठरा सेंटिमीटर व्यासाचे झाकण धरले, तर त्याचे क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंटिमीटरांच्या जवळपास भरते, म्हणजे वाफ त्या झाकणाला अडीचशे किलोच्या जोराने वर ढकलत असते. गुळाचे तीस किलोचे आठ रवे, म्हणजे ढेपा, एकावर एक रचले तर जेवढा भार होईल, तेवढा हा जोर आहे. बाहेरून बसणाऱ्या झाकणात हा जोर झाकण आणि भांडे यांना एकमेकांपासून दूर लोटतो. त्यांना धरून ठेवण्याचे काम कडेच्या खाचा आणि दांडे करतात, आणि वाफ अडवण्याचे काम एकटी रबरी रिंग करते. आतून बसणाऱ्या झाकणात तोच जोर झाकणाला खालून भांड्याच्या ओठाला दाबून धरतो. कुकर तापू लागला की आधी थोडी वाफ कडेने निसटते, मग झाकण किंचित वर सरकून ‘टक्’ असा आवाज होतो, आणि त्यानंतर ते जागचे हलत नाही. दाब शिल्लक असताना ते उघडायचे म्हटले तर ते आत, खाली ढकलावे लागते, आणि अडीचशे किलोच्या विरुद्ध कोणाचाही हात ते करू शकत नाही. दाब उतरला की झाकण आपोआप सैल पडते. घरात लहान मुले असतील, किंवा घाईने झाकणाशी झटापट करणारे कोणी असेल, तर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाहेरच्या झाकणाच्या कुकरांमध्येही आता सुरक्षेची चांगली सोय असते, हे सांगायलाच हवे: कुकर फार तापल्यास वितळून वाफ सोडणारी झडप असते, आणि अनेकांच्या झाकणाच्या कडेला खाच असते, जिच्यातून दाब फार वाढल्यास रिंग बाहेर सरकून वाफ सोडून देते. तेव्हा तो धोक्याचा आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

माझे मत ठरवले ते रिंगेने. बाहेरच्या झाकणाची रिंग नवी आणि मऊ असते तोवर वाफेने फुगून कडेला घट्ट चिकटते; पण रोजची उष्णता, फोडणीचे तेल आणि घासणे यांनी ती काही महिन्यांत कडक आणि सैल होते. मग वाफ शिट्टीऐवजी दांड्याजवळून निसटते आणि कुकर फुसफुसत राहतो. शिट्टी होत नाही, म्हणून आपण वाट पाहतो, आणि तेवढ्या वेळात आतले पाणी आटत असते. एका रविवारी गडहिंग्लजचे पाहुणे जेवायला यायचे होते आणि पांढऱ्या रश्श्यासाठी मटण याच कुकरात चढवले होते. बारा मिनिटे झाली तरी शिट्टी नाही. ओट्यामागच्या फरशीवर मात्र पाण्याचे ओघळ उतरत होते. गॅस बंद केला, कुकर निवू दिला, रिंग उलटी करून पाहिली, गार पाण्यात बुडवून पाहिली, पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी झाकण काढले तेव्हा तळाशी चिकटलेले चार तुकडे काळे पडले होते आणि अळणी पाण्याला, म्हणजे मसाल्याविना शिजलेल्या मटणाच्या पाण्याला, करपलेल्या चरबीचा वास धरला होता. तांबड्या रश्श्यात असा वास मसाल्याखाली एखादे वेळी झाकला जातो, पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध आणि खसखस तो झाकू शकत नाहीत. वरचे चांगले तुकडे काढून दुसऱ्या कुकरात शिजवले, पण अळणी पाणी ओतून द्यावे लागले, आणि पांढरा रस्सा त्या दिवशी झाला नाही.

त्या दिवशी रविवार असल्यामुळे रिंग मिळाली नाही. सोमवारी आणलेली रिंग मापाने पाच लिटरचीच होती, पण दुसऱ्या कंपनीची. दिसायला अगदी तशीच, आणि बसवल्यावर केसभर ढिली. मी वहीत नोंद ठेवलेली नाही, तरी आठवणीप्रमाणे या अकरा वर्षांत बाहेरच्या झाकणाच्या कुकरला सात रिंगा लागल्या आणि आतल्या झाकणाच्या कुकरला तीन. वापर सारखाच झाला, असा दावा मला करता येणार नाही. डाळ-भात जास्त वेळा आईच्याच कुकरात शिजतो. तरीही आतल्या झाकणाची रिंग जुनी झाली तरी वाफ तिला दाबूनच धरते, त्यामुळे ती अचानक दगा देत नाही. आधी थोडी पूर्वसूचना देते आणि बदलायला सवड ठेवते. माझ्यासाठी पारडे इथे झुकले.

डब्यांच्या बाबतीत मात्र बाहेरचे झाकण उघडपणे सरस आहे. त्या कुकराचे तोंड पोटाएवढेच रुंद असते, त्यामुळे खाली वरणाचा, वर भाताचा आणि त्याच्यावर बटाट्यांचा असे डबे सरळ आत उतरतात आणि चिमट्याने सरळ बाहेर येतात. आतल्या झाकणाच्या कुकराचा ओठ आत वळलेला असतो आणि झाकण आतली थोडी उंचीही खाते, म्हणून डबे एक माप लहान घ्यावे लागतात. शिवाय उघडताना झाकणाच्या आतल्या बाजूला साचलेले पाणी भातावर टपकते. ज्यांच्या घरी रोज डब्यांतलाच वरण-भात होतो, त्यांनी या गोष्टीचा विचार नीट करावा. दुसरी अडचण मनगटाची आहे. आतले झाकण तिरके करून घालायचे, आत फिरवायचे आणि वर ओढून दांडा अडकवायचा, ही युक्ती एकदा हाताला बसली की सोपी जाते. पण माझ्या आईचे सांधे दुखतात आणि तिला ती जमत नाही. म्हणूनच तिचा कुकर आजही ओट्यावर आहे.

शिट्ट्यांबद्दल एक गोष्ट फार थोड्या जणांच्या ध्यानात येते. ‘तुरीच्या डाळीला तीन, मटणाला सहा’ हा हिशेब एका घरातून दुसऱ्या घरात नेता येत नाही, कारण शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडण्याचा क्षण असतो. आच मोठी तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक तर सावकाश, आणि आतल्या अन्नाचे तापमान दोन्ही वेळी जवळजवळ तेवढेच असते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि घड्याळातली मिनिटे मोजावीत. गॅस वाचतो, डाळ उतू येत नाही आणि कुकर बदलला तरी अंदाज चुकत नाही. आमच्याकडे मटणाला पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर सोळा-सतरा मिनिटे पुरतात, बोकड जून असेल तर बावीस. आजऱ्याचा घनसाळ हा सुवासिक तांदूळ मात्र मी कुकरात लावत नाही. त्याचा सुवास शिट्टीबरोबर घरभर फिरतो आणि ताटात कमी उरतो, म्हणून तो पातेल्यातच शिजवावा, असे मला वाटते.

कोणताही कुकर घेतला तरी काही सवयी कामाला येतात. डाळीत थेंबभर तेल घातले की फेस मोडतो आणि डाळीची साले शिट्टीच्या नळीत चढत नाहीत. डाळ-तांदूळ पाण्यासकट कुकराच्या निम्म्याच्या वर भरू नयेत. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, एवढे पाहण्यास दोन सेकंद लागतात. डबे ठेवताना तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचे बोटूक टाकण्याची आपल्या आयांची रीत शास्त्राला धरून आहे: पाण्यातल्या क्षारांमुळे ॲल्युमिनियम काळवंडते आणि आंबटपणा ते होऊ देत नाही. काळा पडलेला कुकर उजळायचा असेल तर त्यात चिंचेचे पाणी उकळावे. धुण्याचा सोडा वापरू नये, कारण सोड्याने ॲल्युमिनियम झिजते, आणि काळ्या मुलाम्याच्या, म्हणजे हार्ड ॲनोडाइज्ड कुकराचा वरचा थर तर निघूनच जातो. रिंग रोज काढून धुवावी, कोरडी करावी आणि झाकण बंद करून कुकर ठेवू नये, म्हणजे रबर दबून राहत नाही. रिंग सैल झाली असेल तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवल्याने ती थोडी आकसते आणि त्या वेळेपुरती अडचण भागते. मात्र त्याच आठवड्यात नवी आणावी.

खरेदीला जाताना आयएसआय चिन्ह पाहावे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने घरगुती प्रेशर कुकरवर ते सक्तीचे झाले आहे आणि त्यासाठीचे मानक आयएस २३४७ आहे. दुकानात कुकर नुसता हाताळून परत ठेवू नये. जो माणूस घरी तो रोज वापरणार आहे, त्याने स्वतः आतले झाकण पाच वेळा लावून आणि काढून पाहावे, आणि घरातला नेहमीचा डबा सोबत नेऊन तोंडातून आत जातो का ते बघावे. मनगट दुखले किंवा डबा अडला, तर बाहेरच्या झाकणाचा कुकर निःशंक घ्यावा. हात सहज बसला, तर माझ्या मते आतल्या झाकणाचा घ्यावा. दोन्ही वेळी त्याच कंपनीची एक जादा रिंग त्याच दिवशी घेऊन कणकेच्या डब्याशेजारी ठेवावी, म्हणजे रविवारी बंद दुकानांच्या दारांवरून फिरावे लागणार नाही.